निरगाठीच्या फायली

उद्धवरावांना मोकळी सुटलेली वस्तू बघवत नसे. साखरेची पुडी, रद्दीचा गठ्ठा, चार्जरची वायर, सुनेच्या डब्याची पिशवी, जे हाती लागेल त्याला ते दोरा गुंडाळत आणि गाठ मारत. तळवड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये डाळ शिजायला लावायची तरी आधी एक गाठ सोडावी लागे. रुक्मिणीबाई चाळीस वर्षं गाठी सोडत आल्या होत्या, आता सून विजयश्री सोडत होती.

त्या सकाळीही तेच चाललं होतं. विजयश्रीचा नवरा गणराज तिसरी शिफ्ट करून येऊन आतल्या खोलीत आडवा झाला होता. विजयश्री ओट्यापाशी पोळ्या लाटत होती, आणि उद्धवराव तिच्या डब्याच्या पिशवीचे बंद आवळत होते.

"आज ती मोजणीवाली यायची ना?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा. पुण्याहून येणार आहे. दोन आठवडे बसणार म्हणे."

"ध्यान ठेव. मोजायला येत्यात ती मान्सं कमी करायलाच येत्यात. गणराजच्या लाइनीवर न्हाई का तो पोरगा घड्याळ घिऊन हुबा राहिला व्हता? दिवाळीच्या तोंडावर अकरा जणांना घरी बसवलं."

"तिला म्हणावं, आदी आमच्या घरातल्या गाठी मोज," रुक्मिणीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. विजयश्री हसली, पण सासऱ्यांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. स्कूटरवरून चाकणला पोचेपर्यंत, ट्रेलरच्या मागे तीनदा खोळंबून राहताना, ती एकच गोष्ट घोळवत होती. आवक विभागात दोन माणसं आहेत. कमी करायचं ठरलं तर कोण जाणार?

कष्टसिद्धी नागरी सहकारी पतसंस्था ही काही मोठी बँक नव्हे. चाकणच्या बाजारात वरचा मजला, पाच काउंटर, दारात बूट काढायची जुनी शिस्त. यंदा मात्र संस्थेनं एक नवाच घाट घातला होता. पुण्यातली एक अभ्यास संस्था चाळीस पतसंस्थांची आणि लहान बँकांची कार्यक्षमता मोजून एकमेकींशी ताडून बघणार होती. एका गिऱ्हाइकाला काउंटरवर किती मिनिटं लागतात, कर्जाच्या अर्जाचा निकाल किती दिवसांत लागतो, किती अर्ज नामंजूर होतात. सगळ्यांना नुसते क्रमांक द्यायचे, नावं कुणाचीच फोडायची नाहीत, आणि शेवटी प्रत्येकीला कळवायचं की चाळिसांत तुमची जागा कुठली. अध्यक्ष आप्पासाहेबांना ही कल्पना फार आवडली होती. पहिला नंबर आला तर चौकात फ्लेक्स कुठं लावायचा, ती जागाही त्यांनी बघून ठेवली होती.

मोजणीवाली दहाला आली. पंचविशीची असेल. खांद्याला पिशवी, हातात टॅब, गळ्यात स्टॉपवॉच. व्यवस्थापक समाधान सरांनी तिला विजयश्रीच्या मागे खुर्ची दिली.

"मी मिनल," ती म्हणाली.

"आडनाव?" विजयश्रीनं विचारलं.

"या कामात आम्ही पहिलंच नाव सांगतो, मॅडम."

आता यात विजयश्रीला खटकण्यासारखं काय होतं? पण खटकलं. आडनाव कळल्याशिवाय तिला माणूस कळल्यासारखा वाटत नसे. तुम्हाआम्हाला तरी कुठं वाटतं? दुपारपर्यंत पाचही काउंटरवर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, ही सहकार खात्याची माणूस आहे. कुणी म्हणालं, शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं पाठवलेली दिसते, आपली गिऱ्हाइकं पळवायला. चहा देताना, पाणी देताना, प्रत्येकानं आडून आडून तिचं गाव विचारून बघितलं. ती सगळ्यांना हसून "पुणे" एवढंच सांगत राहिली.

विजयश्रीचं काम साधं होतं. अर्ज घ्यायचा, कागद तपासायचे, आवक नोंदवहीत चढवायचा, पुठ्ठ्याची फाइल करून दोऱ्यानं बांधायची आणि समाधान सरांच्या टेबलावर ठेवायची. नऊ वर्षांपूर्वी उद्धवराव याच खुर्चीवरून निवृत्त झाले, आणि जाताना सुनेला इथं बसवून गेले. काम त्यांनीच शिकवलं. अर्ज कसा लावायचा, शिक्का कुठं मारायचा आणि गाठ कुठली मारायची.

गाठी दोन होत्या. बहुतेक फायलींना सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटते. काही फायलींना निरगाठ, नखांनी कोरत बसावं तेव्हा कुठं ढिली होते. कुठल्या फाइलला कुठली, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. उद्धवरावांनी चार-पाच वस्त्यांची नावं तिला तोंडी सांगितली होती. "पत्ता बघायचा. पत्त्यावरनं न्हाई समजलं तर जामीनदाराचं आडनाव बघायचं. त्या फायलींना भेट लागती. गाठ बघून सायबाला समजतं."

समाधान सरांना खरंच समजे. ते गठ्ठा पुढ्यात ओढत, दोऱ्याचं टोक खेचत. सुटली फाइल की वाचत. नाही सुटली की न बोलता डावीकडच्या कप्प्यात सरकवत. तो कप्पा भेटीचा. अर्जदाराच्या घरी जाऊन पाहणी करणाऱ्या माणसाची जागा मात्र चार वर्षांपासून रिकामी होती. म्हणजे भेट कोण देणार? हा प्रश्न विजयश्रीला कधी पडला नाही असं नाही. पडला, आणि तिनं तो तिथंच ठेवला. तिला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेल्या कितीतरी गोष्टी आपण अशाच करत असतो.

तिसऱ्या दिवशी मिनलनं विचारलं, "मॅडम, काही फायली बांधायला तुम्हाला सहा सेकंद लागतात आणि काहींना वीस. कागद जोडायला परत उघडताना तर पाऊण मिनिट जातं. गाठ वेगळी का?"

"त्यात कागद जास्त असतात. सुटू नयेत म्हणून."

मिनल उठली आणि तिनं दोन फायली दोन हातांत घेतल्या. "पण ही तर हलकी आहे."

ही पोरगी काम बघायला आलीय की आपल्याला पकडायला? विजयश्रीनं फाइल तिच्या हातातून काढूनच घेतली. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे," ती म्हणाली.

त्याच दुपारी केसरबाई आल्या. पन्नाशीची, सडपातळ बाई, माहेरची परभणीकडची. नवरा बांधकामावर पडून गेला, तेव्हापासून वस्तीतल्या दोन खोल्यांत ती कंपन्यांतल्या पोरांचे डबे करत होती. साठ डबे व्हायचे. मुलगा नागसेन ते मोटरसायकलला दोन्ही अंगांनी टांगून म्हाळुंग्यापर्यंत पोचवायचा, आणि पावसाळ्यात एकदा डब्यांसकट खड्ड्यात पडून हात मोडून घेऊन आला होता. आता एका ठेकेदारानं तिला दोनशे डबे देऊ केले होते. अट एकच, नोव्हेंबर संपायच्या आत स्वतःचा टेम्पो हवा. जुना टेम्पो बघून ठेवलेला होता. कर्जाचा अर्ज तिनं नऊ सप्टेंबरला दिला होता, दोन जामीनदारांसह. एकही कागद कमी नव्हता.

"म्याडम, माझ्या फायलीचं काय झालं?"

"भेट व्हायची आहे, मावशी."

"मागल्या टायमाला बी भेटच सांगितली. त्याच्या आदल्या टायमाला बी. कवा येनार भेटीला मानूस? मी घरीच असते की. दिवसभर चुलीपशीच असते."

"येतील. वरून ठरतं ते."

केसरबाईंनी विजयश्रीकडे बघितलं नाही. त्या तिच्या हातांकडे बघत होत्या, ते हात एका नव्या फाइलला दोरा गुंडाळत होते. मग म्हणाल्या, "तीस तारखेपत्तुर हाय बरं का. पुढं ठेकेदार थांबनार न्हाई." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मागून मिनलचा आवाज आला. "मॅडम, यांच्या अर्जाची आवक तारीख काय?"

"नऊ सप्टेंबर."

मिनलनं टॅबवर काहीतरी नोंदवलं.

शुक्रवारी समाधान सरांनी मुख्य तक्ता विजयश्रीला भरायला दिला. गेल्या वर्षभरातले दीडशे अर्ज नोंदवहीतून ओळीनं घ्यायचे, प्रत्येकाची आवक तारीख, निकालाची तारीख, निकाल काय. खाली भरणाऱ्याची सही, आणि सहीच्या वर छापलेलं वाक्य: वरील माहिती पूर्ण व खरी आहे.

पहिले पन्नास तिनं भराभर भरले. मग तिला दिसायला लागलं. निकालाला लागलेल्या दिवसांचे आकडे एका जातीचे होते, पाच, आठ, अकरा, नऊ. त्यांच्यात मधूनच एखादा सत्तर, एखादा ब्याऐंशी. ज्या ओळीत आकडा मोठा, त्या ओळीतला पत्ता ती न अडखळता ओळखत होती. तिनं एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली आणि दीडशे अर्ज दोन बाजूंना वाटले. एकाही पत्त्यापाशी तिला थांबून विचार करावा लागला नाही. आपण किती सफाईनं वाटतोय हे लक्षात आलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

सुरगाठीचे एकशे बारा, सरासरी नऊ दिवस. निरगाठीचे अडतीस, सरासरी चौऱ्याहत्तर दिवस. नामंजूर किती? शून्य. दोन्हीकडे शून्य! अध्यक्ष दर वार्षिक सभेत छाती फुगवून सांगत, आमच्या दारातून आजवर कुणाला नकार मिळालेला नाही. ते खरंच होतं. नकार द्यावाच लागत नव्हता. अडतिसांपैकी एकतीस जणांच्या नावापुढं लिहिलं होतं, "अर्जदाराने स्वेच्छेने माघार घेतली." अक्षर विजयश्रीचंच होतं.

तो कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला. शनिवारभर तिनं तो कुणाला दाखवला नाही. रविवारी सकाळी उद्धवराव गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं बांधत बसले होते आणि रुक्मिणीबाई मटार सोलत होत्या, तेव्हा ती त्यांच्यापुढं जाऊन बसली.

"अण्णा, निरगाठ कुणी सुरू केली?"

उद्धवरावांचा हात थांबला. "का गं? त्या पोरीनं विचारलं का?"

"मी विचारतेय."

"संस्था निघाली तवापास्नं हाय ती. थोरले अध्यक्ष व्हते, त्यांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. म्हनले, उद्धवा, कायदा असा हाय की कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. आपुन न्हाई म्हनायचंच न्हाई. नुसतं थांबवायचं. थकली की आपली आपन जात्यात. आन् कुठं लिवून ठेवू नको. मंग मी म्हनलं, सायेब, गाठीवरनं वळखा." बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला होता. चाळीस वर्षांपूर्वीची शाबासकी त्यांना अजून गोड लागत होती. "लई खूश झाले व्हते. म्हनले, मान्सात अक्कल हाय."

"पण का थांबवायचं? पैसे बुडवतात म्हणून?"

"न्हाई न्हाई. बुडवायचं काय, उलट..." ते अडखळले. "ज्यांना भेटलं त्यांनी एक हप्ता चुकवला न्हाई. तसं न्हाई गं ते. एक रीत असती. उद्या समदे सभासद झाले, तर सभेला बसनार, मतं देनार, संचालक व्हनार. आपली संस्था आपली राहील का?"

मटाराच्या शेंगा सोलल्याचा आवाज बंद झाला होता. रुक्मिणीबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"म्हंजी तीस वर्सं तुमी घरी यिऊन सांगत व्हता, मी एक फाईल हरवू दिली न्हाई म्हनून," त्या म्हणाल्या. "आन् फाईल न्हाई हरवली, पर मान्सं हरवली की वो."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. आता हिला कळलंय. आन् तुमी ह्ये काम माझ्या सुनेच्या हातात दिलंत."

उद्धवराव उठून आत गेले. वर्तमानपत्रांचा गठ्ठा अर्धवट बांधलेला राहिला, आणि संध्याकाळच्या वाऱ्यानं त्यातले कागद गॅलरीभर झाले. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी विजयश्रीनं भरलेला तक्ता समाधान सरांपुढं ठेवला. त्यांनी सरासरी बघितली, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पंचवीस दिवस? असं कसं? आपले तर नऊ दिवसांत होतात."

"काहींचे होतात, सर."

सरांनी यादीवरून बोट फिरवलं. त्यांनाही पत्ते पाठ होते. "हे अडतीस काढा. त्यांच्यापुढं 'कागदपत्रे अपूर्ण' लिहा, म्हणजे मोजणीत धरायचे नाहीत. नऊ दिवस म्हणजे आपण चाळिसांत पहिले, कळतंय का? आप्पासाहेबांनी फ्लेक्सचं डिझाइन काढायला टाकलंय."

"पण कागदपत्रं पूर्ण आहेत सर. मीच तपासलीत."

"मॅडम, तुमचे सासरे या संस्थेचे जुने माणूस. त्यांच्याकडं बघून तुम्हाला इथं बसवलं. आता मोजणी झाली की आवक विभागात एकच माणूस ठेवायचं चाललंय. मी तुमचंच नाव पुढं केलं असतं. बघा काय ते."

विजयश्रीनं तक्ता उचलला. "उद्या करून देते," ती म्हणाली.

ती शूर नव्हती हे सांगायला हवं. फ्लॅटचे हप्ते होते, मुलीच्या शाळेची फी होती, गणराजच्या लाइनीवर अजून माणसं कमी होणार असं कानावर येत होतं. घरी जाताना तिनं मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं की अडतीस ओळी खोडायच्या. खोडल्यानं कुणाचं नवीन असं काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी दार उघडल्या उघडल्या केसरबाई उभ्या. महिना संपायला अजून पाच दिवस होते.

"कागद परत द्या, म्याडम."

"का? तीस तारखेपर्यंत होतं ना?"

"टेम्पोवाल्यानं काल गाडी इकली. किती दिवस ठिवील तो बी? आन् ठेकेदारानं दुसरा मानूस बघितला. राजगुरुनगरचा हाय. गाडी हाय त्याच्याकडं." केसरबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "जामीनदारांचे कागद तेवढे नीट द्या. त्यांची मला भीड हाय."

विजयश्रीनं डावीकडच्या कप्प्यातून फाइल काढली. सप्टेंबरात मारलेली निरगाठ जशीच्या तशी होती. अडीच महिन्यांत तिला कुणाचं नख लागलेलं नव्हतं. ती सोडायला विजयश्रीला बराच वेळ लागला, आणि मागं मिनलच्या स्टॉपवॉचचं बटण दाबल्याचा आवाज आला. तेवढा वेळ केसरबाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

मग माघारीचा छापील नमुना. "मी स्वेच्छेने माझा अर्ज मागे घेत आहे." खाली सहीची जागा. केसरबाईंनी पेन हातात घेतलं.

"थांबा," विजयश्री म्हणाली.

तिनं तो कागद आपल्याकडे ओढला. "स्वेच्छेने" या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि वर लिहिलं: संस्थेने सत्त्याहत्तर दिवस विनाकारण थांबवल्यामुळे. तारीख घातली, स्वतःची सही केली, आणि मग कागद केसरबाईंपुढं केला. केसरबाईंनी ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं.

"असं लिवून काय हुईल?"

"माहीत नाही, मावशी."

केसरबाईंनी सही केली, कागद पिशवीत घातले आणि गेल्या. आपल्या हातानं आपण एका बाईचा टेम्पो अडवला, दोनशे डबे अडवले, नागसेनला परत त्या मोटरसायकलवर बसवलं, हे विजयश्रीला आता स्पष्ट दिसत होतं, आणि तिला रडू येत होतं. रडली मात्र नाही. तिनं खणातून तक्ता काढला. अडतिसांपैकी एकही ओळ खोडली नाही. केसरबाईंचा अर्ज एकोणचाळिसावा म्हणून खाली जोडला. माघारीच्या कारणाचा जो रकाना होता, त्यात बत्तीस वेळा तिनं तेच वाक्य लिहिलं, फक्त दिवसांचा आकडा बदलत गेला. शेवटच्या पानावर, "इतर काही सांगायचे असल्यास" याच्यापुढं, दोन्ही गाठी कशा असतात आणि कुठली कुणाला मारतात ते चार ओळींत लिहिलं. "पूर्ण व खरी" या वाक्याखाली सही केली. समाधान सर जागेवरून उठून येईपर्यंत तक्ता मिनलच्या पिशवीत गेला होता.

"मिनल मॅडम, त्यात चूक राहिलीय. परत द्या तो," सर म्हणाले.

"सही झालेला तक्ता परत देता येत नाही, सर. तसा करारच आहे. तुमच्या अध्यक्षांची सही आहे त्यावर."

सर आप्पासाहेबांना फोन लावायला आत पळाले. मिनल स्टॉपवॉच गुंडाळत होती. जाताना ती वाकून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगते मॅडम. आतापर्यंत सव्वीस संस्थांनी नामंजुरी शून्य लिहून दिलीय. माघारीचं कारण लिहून देणाऱ्या तुम्ही पहिल्या."

सव्वीस! आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक विजयश्री बसलेली असणार, कुणी गाठ मारत असेल, कुणी पेन्सिलीनं खूण करत असेल, कुणी नुसतं गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत असेल.

गुरुवारी तिला खुलाशाची नोटीस मिळाली. आठ दिवसांत उत्तर द्या, तोवर आवक विभागातच काम करा, कारण फायलींचं काम विभागातलं दुसरं माणूस शिकलेलं नव्हतं. त्या आठवड्यात तिनं आलेल्या प्रत्येक फाइलला सुरगाठ मारली. समाधान सरांनी गठ्ठा ओढला, एक टोक खेचलं, दुसरं खेचलं, तिसरं खेचलं. सगळ्या सुटल्या. "यातल्या भेटीच्या कुठल्या?" त्यांनी चिडून विचारलं.

"आता वाचावं लागेल, सर," विजयश्री म्हणाली.

घरी उद्धवराव तिच्याशी बोलत नव्हते. डब्याची पिशवीही बांधत नव्हते. रुक्मिणीबाईंनी मात्र शनिवारी दुपारी तिच्या हातात कोरा पुठ्ठा आणि दोरा आणून दिला. "जा. त्या डबेवाल्या बाईला घरी जाऊन दे," एवढंच म्हणाल्या.

वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत चूल आणि गॅस दोन्ही चालू होतं. नागसेन दारात डबे पुसत होता. केसरबाईंनी विजयश्रीला बघितलं, पण "या" म्हणाल्या नाहीत.

"आता कशाला आलात?"

"नवीन अर्ज आणलाय, मावशी. ठेकेदार गेला, पण दुसरे येतील. मी स्वतः नोंदवते. आणि मला तुम्हाला एक सांगायचंय." विजयश्रीनं अर्ज खाली ठेवला. "तुमची फाइल भेटीसाठी नव्हती थांबली. मी गाठ मारायचे, निरगाठ. त्या गाठीवरनं साहेबांना..."

केसरबाई भाकरी थापता थापता थांबल्या. त्यांनी नागसेनकडे बघितलं, नागसेननं त्यांच्याकडे. त्याला हसू आलं, पण चांगलं हसू नव्हतं ते.

"म्याडम, ते आमाला सांगायला आलात व्हय?" केसरबाई म्हणाल्या. "सबंध वस्तीला ठावं हाय ते. आमच्या सासऱ्याच्या येळंपासून. अर्ज दिला की आमी आदी तुमच्या हाताकडं बघतो, कुठली गाठ बसतीय म्हनून. मला तर पयल्याच दिवशी समजलं व्हतं."

"मग पाच खेपा का घातल्यात?"

"म्हनलं, तुमी बाईमानूस. नवी पिढी. एखांद्या दिवशी तुमालाच वाटंल आन् तुमी सोडाल."

विजयश्री उंबऱ्यातच खाली बसली. नऊ वर्षं ज्या गोष्टीकडं आपण कानाडोळा केला, ती या माणसांनी रोज डोळे उघडे ठेवून बघितली होती, आणि तरी काउंटरपुढं येऊन तिला म्याडम म्हटलं होतं. शरमेनं तिची मान वर होईना.

नागसेननं अर्ज उचलला, उलटसुलट करून बघितला. "आई, भरायचा का? परत तेच करतील."

"करतील बी," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि चुलीपासून लांब, दाराच्या उजेडात येऊन बसल्या. अर्ज भरून झाला, जामीनदारांचे कागद लागले. विजयश्रीनं सवयीनं पुठ्ठा पुढं ओढला आणि दोरा हातात घेतला.

केसरबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"द्या इकडं. ह्या टायमाला गाठ मी मारते."

त्यांनी दोरा घेतला, पुठ्ठ्याभोवती दोन वेढे दिले आणि सुरगाठ मारली. एकदा टोक ओढून सुटते का ते बघितलं, आणि परत बांधली. मग फाइल विजयश्रीच्या हातात देत म्हणाल्या, "आता ही अशीच राहती का, ते तुमी बघा."